साक्षीदाराने काय केलं

३ मार्च
तीर्थस्वरूप मामास,
बिट्टीचा शि. सा. न. वि. वि.

आईची कंबर आता बरी आहे. संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात मी वयाने सगळ्यांत थोरली, त्यामुळे चुकले की सगळे आवर्जून हसतात. परवा बाबांच्या ट्रंकेत नऊ वर्षांपूर्वीच्या अपघाताच्या चौकशीचे कागद सापडले. त्यात आहे, ‘द विटनेस बॅक्ड आउट’. म्हणजे साक्षीदार पाठमोरा बाहेर गेला का? बाबा म्हणाले, मामाने छापखान्यात जन्मभर प्रुफं तपासली, त्यालाच विचार.

लोभ आहेच, तो उत्तरातून दिसावा.
तुझी बिट्टी

१० मार्च
चि. बिट्टीस अनेक आशीर्वाद.

बॅक आउट म्हणजे कबूल करून ऐनवेळी अंग काढून घेणं. कशातून ते सांगायचं तर पुढे ‘ऑव्ह’ लागतं. गाडी मागे घेत गॅरेजबाहेर काढणं, यालाही हेच म्हणतात. ‘विथड्रॉ’ सभ्य शब्द, त्यात दोष नसतो. बॅक आउटमध्ये असतो. आपण त्याला शेपूट घालणं म्हणतो.

एवढंच लिहून पाकीट बंद केलं होतं. टपालपेटीपासून परत आलो.

तो साक्षीदार मी. छापखान्यातल्या कागद कापायच्या मशीनची सुरक्षेची जाळी मालकांनी माझ्यासमोर काढायला लावली, काम उरकावं म्हणून. तुझ्या बाबांची दोन बोटं गेली तेव्हा रुमाल मीच बांधला. चौकशीत सगळं सांगेन असा तुझ्या आईला शब्द दिला. आदल्या दिवशी मालकांनी चहा पाजून माझ्या नोकरीची किती वर्षं उरलीत ते विचारलं, बस. मी तापाची चिठ्ठी पाठवली. बाबा निष्काळजी ठरले, त्यांची नोकरी गेली. आणि तुझी आई मात्र ताप खरा समजून माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवायला आली. मी डोळे मिटून पडून राहिलो.

आज मालक नाहीत, मी निवृत्त आहे. खरं बोलायला आता धैर्यही लागत नाही, याची लाज अधिक वाटते. सही केलेला जबाब सोबत आहे. हे सगळं दोघांना वाचून दाखव.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.
मामा

१७ मार्च
मामास,

वाचून दाखवलं. आई मध्येच उठून आत गेली. बाबांनी जबाब दोनदा वाचायला लावला. म्हणाले, कागद काय कोणीही पाठवेल. सोमवारी दहा वाजता कामगार कचेरीत ये आणि माझ्याशेजारी उभा राहून बोल. बाबा कचेरीच्या दारापाशी तासभर थांबतील.

मी रागावले आहे. तरी ये.
बिट्टी

२५ मार्च
तीर्थस्वरूप ताईस,
सा. न.

काल बोललो. कचेरीतल्या बाईंनी दोनदा मोठ्याने बोलायला सांगितलं. इतकी वर्षं गप्प का, असं विचारलं. भीती वाटली, असंच लिहा म्हटलं. प्रकरण पुन्हा उघडेल की नाही, त्यांना सांगता आलं नाही. बाहेर भाऊजींनी मला पाण्याचा ग्लास आणून दिला.

नंतर तुझ्या दारात आलो होतो. तू उघडलं नाहीस, ठीकच केलंस. रविवारी पुन्हा येईन. त्याच्या पुढच्या रविवारीही.

तुझा धाकटा भाऊ