दादाची टेप

२ फेब्रुवारी

ती. काकांस चिमणीचा सा. न. वि. वि.

आधी बातमी! शरीरसौष्ठव स्पर्धेत यंदा पहिल्यांदाच मुलींचा गट आहे आणि त्यात माझं नाव आहे. नाट्यगृहाची तिकिटं संपलीसुद्धा.

पण नाव काढून घ्यावं असं वाटतंय. बाबा गेले त्यानंतर महिनाभर व्यायाम बुडाला. काल त्यांचं शिवणाचं दुकान उघडलं आणि त्यांच्याच टेपनं दंड मोजला. वस्तादांच्या मापात तेरा इंच होता, आता साडेबारा! आई म्हणते, अर्ध्या इंचानं काय आभाळ कोसळतंय? बाबांनी सुरू केलेल्या स्पर्धेत मीच हसं करून घेऊ का? त्यांनी माझ्यासाठी शिवलेलं जाकीटही अजून अंगाला लावलेलं नाही. शनिवारपर्यंत मुदत आहे, उत्तर लगेच धाडा.

तुमची लाडकी,
चिमणी

५ फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन महिन्यांत पहिल्यांदा हसलो. रागावू नकोस.

मी दादाच्या हाताखाली दुकानात काजं-बटणं करायचो तेव्हाची गोष्ट. एक हमाल आणि एक लोहार, दोघेही वजनं उचलणारे, एकाच वेळी शर्ट शिवायला आले आणि कुणाचा दंड मोठा यावरून हमरीतुमरीवर आले. दादानं टेप काढून निकाल दिला. पुढच्या रविवारी सात जण मोजून घ्यायला दारात हजर! मग व्यायामशाळेत रीतसर स्पर्धा भरू लागली. आधी नुसती टेप. एकदा बेकरीवाला उसळला, की दंड खांबासारखे आणि पाय काडीसारखे, याला पहिला नंबर कसा? तेव्हापासून पंच सगळं अंग पाहू लागले. ठेवण, प्रमाण, उभं राहण्याची ढब. पुढे वजनगट आले, दिवे आले, नाट्यगृह आलं. टेप मात्र दुकानात परत आली.

तोवर ती कापडी टेप ताणून लांब झाली होती. तेराला साडेबारा दाखवायची. माप या टेपनं आणि कापड बेतायचं लाकडी पट्टीनं, म्हणून दादाचे शर्ट दंडात घट्ट बसत आणि गिऱ्हाइकं खूश, आठवड्यात दंड फुगला म्हणून! मी नवी टेप आणून दिली. दादा म्हणाला, सगळ्यांना एकच टेप आहे, मग अन्याय कुणावर? शिवाय घट्ट शर्टात माणूस ताठ चालतो. नवी टेप उजव्या खणात पडून असेल. मोजून बघ.

मला यायला जमणार नाही. दादाशिवाय ती पहिली रांग बघवायची नाही. वहिनींना नमस्कार. माया आहे, हे काही लिहून सांगायला नको.

काका

१८ फेब्रुवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

नव्या टेपनं तेरा इंच आणि वर एक सूत!! आणि तिसरा नंबर!

पदक घ्यायला बाबांचं जाकीट घालून गेले. तेही दंडात घट्टच. पंचांनी दोन्ही हात वर करायला सांगितले, केले, आणि उजव्या बाहीची शिवण टर्रकन उसवली. सगळं नाट्यगृह हसलं. मी शरमेनं लाल. तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक पांढऱ्या केसांचे आजोबा उठून ओरडले, की हसता काय, हे आपल्या शिंप्याचंच माप आहे! ते तुमचे लोहार. मग टाळ्या थांबेचनात.

आई टाका घालायला बसली होती. मी घालू दिला नाही. तुम्ही येऊन बघा, मग घालू.

पुढच्या वर्षी लोहारआजोबांशेजारची खुर्ची तुमची. आत्ताच सांगून ठेवलंय. माझ्यावर जीव आहे तसाच असू द्या.

तुमची,
चिमणी