पालोमाची पुढची सीट

मी, फिलोमेना माएस्तास, दिवंगत ओनेसिमो माएस्तास यांची पत्नी, वय ब्याऐंशी, राहणार एस्पानोला, न्यू मेक्सिको, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकील म्हणाला गुडघ्यांचं लिहावं लागत नाही. कोणाचा दबाव नाही. माझी नणंद आदेलाइदा समोर बसून बडीशेपेची बिस्किटं खात आहेत, तो दबाव धरू नये. त्या साक्षीदार आहेत. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, असा कायदा आहे म्हणे, आणि वन्संना मी काही देणार नसल्याने त्या अगदी योग्य आहेत. मरायची मला घाई नाही. तब्येत छान आहे म्हणूनच लिहायला मजा येते आहे.

१. घर, अंगण, जर्दाळूचं झाड आणि बँकेत असेल ते माझी मुलगी बेर्नार्दा हिला. झाडाच्या फांद्या नणंदेच्या कुंपणावरून पलीकडे गेल्या असल्या तरी फळं बेर्नार्दाचीच.

"आणि खाली पडलेली?" वन्संनी विचारलं.

"साक्षीदाराला काही मिळत नाही, वन्सं."

२. आमची गाडी पालोमा. १९६२ सालची, चेरीसारखी लाल, जमिनीला पोट टेकवून चालणारी. बटण दाबलं की नाक वरखाली करते, दाणे टिपणाऱ्या कबुतरीसारखी, म्हणून ओनेसिमोने हे नाव ठेवलं; पालोमा म्हणजे कबुतरीच. ती माझी नात मारिसेला हिला. मारिसेला नर्स आहे, हात स्वच्छ असतात. पण हात स्वच्छ असणं वेगळं आणि सीट पुसता येणं वेगळं, म्हणून पुढचं लिहिते.

३. पालोमाच्या पुढच्या सीटा चामड्याच्या, खोगीर शिवणाऱ्या बेलार्मिनोकडून शिवून घेतलेल्या. मागची सीट आणि दारांची आतली बाजू व्हिनाइलची, म्हणजे नकली चामड्याची. दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीचं दुसरीला चालत नाही. आधी मऊ ब्रशने धूळ झाडायची. आमची धूळ म्हणजे वाळूच, तशीच पुसली तर ओरखडे पडतात. मग कोमट पाण्यात थोडासा साबण, फडका घट्ट पिळून. शिवणीतला मळ ओनेसिमोच्या दाढीच्या ब्रशने काढायचा (हा ब्रशही मारिसेलाला. त्याला अजून ओनेसिमोचा वास येतो, निदान मला येतो). लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. चामड्याला अधूनमधून चामड्याचं मलम, अगदी थोडं, गालाला लावतो तसं, आणि तेही आधी सीटखालच्या कोपऱ्यात लावून बघून. व्हिनाइलला तेलकट काही म्हणजे काही नाही. उन्हापासून जपणारं पातळ औषध मिळतं, ते लावायचं आणि पुसून काढायचं. सीट चकचकायला लागली की समज, चुकलं. गाडी सावलीत, काचेला आतून पुठ्ठा.

४. तेलकट का नाही, त्याची हकीकत. बेर्नार्दाच्या लग्नाच्या सकाळी मी चुलीपाशी होते. तेवढ्यात वन्संनी कोणाला न विचारता पालोमाच्या सगळ्या सीटांना डुकराची चरबी चोळली. आरसाच झाला. नवरी मागे बसली. चर्चसमोर सगळं गाव उभं, ओनेसिमोला हौस आली, त्याने बटण दाबलं. पालोमाने नाक वर केलं, मग एकदम खाली, आणि माझी लेक सॅटिनच्या झग्यासकट सुळकन घसरून पुढच्या सीटमागे गडप! वर नुसती जाळीची ओढणी.

नवरदेवाने दार उघडलं. "बेर्नार्दा, आहेस ना?"

खालून आवाज आला, "आहे! पण हसवू नकोस, झगा उसवतोय!"

गाव हसलं. पुढे उन्हाळाभर त्या चरबीवर धूळ बसली, ऊन बसलं, आणि मागच्या सीटला भेग गेली. तेव्हापासून वन्संना मी पालोमात पाय ठेवू दिलेला नाही.

हे वाचून त्या म्हणाल्या, "वहिनी, कातड्याला चरबी लावतातच. आमचे बाबा बुटांना लावायचे."

"ते कातडं नव्हतं, वन्सं. व्हिनाइल होतं."

"मला कोणी सांगितलं होतं? आणि तूसुद्धा हसली होतीस. रुमालाआड. मी बघितलं."

हे साफ खोटं आहे. थोडं खरं आहे.

५. दर शनिवारी मी सीटा पुसते आणि वन्सं कुंपणापलीकडे खुर्ची टाकून बसतात. "शिवण राहिली, वहिनी." "फडका पिळ, पाणी आत जाईल." मी म्हणते, "तुम्ही तुमचं बघा." आणि पिळते. आता मारिसेलासाठी मी एवढं लिहिलं खरं, पण कागद काही कुंपणावरून ओरडत नाही.

मी विचारलं, "वन्सं, साक्षीदार व्हायला एवढ्या लगबगीने कशा आलात?"

त्या बिस्किटाकडे बघत म्हणाल्या, "माझं नाव कुठे येतंय का, ते बघायला. रविवारी तुम्ही सगळे पालोमातून जाता, मी फाटकापाशी हात हलवते. तू कधी मान वळवत नाहीस."

मी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली आणि नवं कलम घातलं.

६. म्हणून असं ठरवते. पालोमा मारिसेलाची, पण चालवणाऱ्याशेजारची पुढची सीट वन्संची, त्यांच्या हयातीपर्यंत, दर रविवारी. ती चामड्याची आहे, घसरत नाही. बटण दाबायचा हक्कही त्यांचा. शनिवारी त्यांची खुर्ची कुंपणाच्या अलीकडे, आणि मारिसेलाने त्यांचं ओरडणं ऐकायचं. खाली पडलेले जर्दाळू त्यांचे. बसण्याआधी हात साबणाने धुवायचे, ही अट.

माझ्या खांद्यावरून वाचणारी मारिसेला म्हणते, "आजी, मृत्युपत्र तू गेल्यावर लागू होतं."

एवढ्यासाठी मी मरून दाखवू? हे कलम येत्या रविवारपासून लागू. मी मागे बसेन, भेगेवर, घट्ट धरून.

एस्पानोला, १४ मे २०१६
सही: फिलोमेना माएस्तास

साक्षीदार १: बेलार्मिनो त्रुहियो, खोगीर शिवणारे

साक्षीदार २: आदेलाइदा माएस्तास (खोडले. कलम सहा पाहावे.)

त्यांच्याऐवजी: तितो आर्चुलेता, पोस्टमन, विजेचं बिल घेऊन आले होते, त्यांना आत बसवलं

ता. क. खोडलेल्या नावावरचा तेलकट ठसा वन्संच्या अंगठ्याचा आहे. त्या बिस्किटांत चरबी असते. त्या हात धुवायला गेल्या आहेत, रविवार उद्या असूनसुद्धा.