सर, वास आमच्या घरातून येत नव्हता

सर, तळमजल्यावर भाड्यानं राहिलेल्या सगळ्यांच्या वतीनं मी हे लिहिते आहे. आम्ही धाराशिवात आहोत, लोहाऱ्यात आहोत, जिथं घरमालक वर आणि भाडेकरू खाली राहतो तिथं सगळीकडं आहोत, आणि आमची तक्रार एकच आहे. घाण वरून खाली येते आणि वास मात्र आमच्या नावावर लागतो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याविषयी वाईट बोलणारं गावात कुणी उरलेलं नाही, म्हणून मला बोललं पाहिजे. भाषणाची सुरुवात ऐकणाऱ्याला जिथं दुखतं तिथूनच करावी, हे तुम्हीच शिकवलंत. तर ऐका. वास आमच्या घरातून येत नव्हता.

आम्हाला घर कसं मिळालं ते आधी सांगते, कारण ते तुम्ही जन्मभर व्यासपीठावरून सांगत राहिलात. आमचं गाव लोहाऱ्याकडचं, वडील एसटीत कंडक्टर. बदली होऊन धाराशिवला आले आणि खोली शोधत हिंडले. खोली दाखवून झाली की घरमालक आडनाव विचारायचा, आणि आडनाव ऐकलं की ती खोली आदल्याच दिवशी दुसऱ्या कुणाला दिलेली निघायची. तुम्ही आडनाव विचारलं नाहीत. किल्ली काढून हातात दिलीत. वडील ते शेवटपर्यंत विसरले नाहीत, आणि तुम्हीही कुणाला विसरू दिलं नाहीत. शाळेच्या संमेलनात, सत्काराला उत्तर देताना, अगदी लग्नाच्या मांडवातसुद्धा तुम्ही म्हणायचात की समता पुस्तकात नसते, माझ्या तळमजल्यावर या, दाखवतो. लोक टाळ्या वाजवायचे. मी पुढच्या सतरंजीवर बसलेली असायचे आणि टाळ्या वाजवता वाजवता बायका वळून माझ्याकडं बघायच्या. समतेच्या खटल्यात तुम्ही वकील होतात आणि मी तुमचा पुरावा.

पहिलं वर्ष वास नव्हता. पुढच्या सगळ्या बोलण्यात हे एक वाक्य कुणालाच आठवलं नाही, म्हणून ते मी ठासून सांगते आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात तुम्ही गच्चीवर अभ्यासिका बांधायला काढलीत. गरीब मुलांना बसायला जागा हवी हा तुमचा ध्यास खरा होता, तो मी नाकारत नाही. मी गवंड्यांसाठी पाण्याची कळशी घेऊन वर जायचे. मागच्या भिंतीवरून चढत आलेला संडासाचा जाड पाइप गच्चीवर माणसाएवढा उभा होता, डोक्यावर जाळीची टोपी. तो नेमका नव्या खोलीच्या कोपऱ्यात येत होता. गवंड्यानं विचारलं, छतातून वर काढू का. तुम्ही म्हणालात, "विद्येच्या खोलीत संडासाचा पाइप? कापून टाका आणि तोंड बुजवा." त्यानं पाइप जमिनीलगत कापला, आत विटेचे तुकडे आणि सिमेंट कोंबलं आणि वर फरशी बसवली. ती बाकीच्या फरश्यांपेक्षा थोडी उजळ होती. पुढं त्याच कोपऱ्यात उभी राहून मी बोलायला शिकले. तुम्ही समोरच्या भिंतीशी बसून सांगायचात, तोंड उघड पोरी, आवाज पोटातून येऊ दे. आज भर चौकात माइक बंद पडला तरी माझा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जातो, तो त्या कोपऱ्यात घडला. हे ऋण मी मानते आणि तरीही पुढचं बोलणार आहे.

पावसाळा लागला आणि आमच्या न्हाणीतून वास यायला लागला. सडक्या अंड्यासारखा, कपड्यांत शिरून बसणारा. सकाळी सगळ्यात जास्त, कारण तेव्हा वर तुमच्याकडं सगळ्यांची घाई चाललेली असायची. वर बदाबदा पाणी पडलं की आमच्या न्हाणीतली जाळी डुबुक डुबुक करायची. आईचं मत पक्कं होतं. "घूस शिरलीय पायपात. रोज सकाळी येती, टायमाला. आपल्या डेपोच्या गाड्यांपरीस बरी." तिनं पिठात औषध कालवून गोळ्या जाळीशी ठेवल्या. घूस काही मेली नाही. मग ती न्हाणी घासायला लागली, राखेनं, सोड्यानं, विटकरीच्या तुकड्यानं, आणि तिच्या बोटांची सालं निघाली. तुमच्या मंडळी, आमच्या काकू, जिना उतरताना नाकाला पदर लावायच्या आणि आमचं दार मागं पडलं की सोडायच्या. त्या दिवाळीला त्यांनी क्रोशाच्या रुमालाखाली फराळाचं ताट आणलं. ते आईच्या एका हातात दिलं आणि दुसऱ्या हातात फिनेलची बाटली. हसून म्हणाल्या, "ही खास तुमच्यासाठी." आईनं आम्हाला चकल्या वाढल्या, स्वतः तोंडाला काही लावलं नाही. ताट मात्र चिंचेनं लख्ख घासून, त्यात साखर घालून वर पाठवलं, कारण रिकामं ताट परत करणं तिच्या मते वाईट दिसलं असतं.

वडील भांडणारे नव्हते. दिवसभर प्रवाशांची बोलणी खाऊन आलेला माणूस घरी गप्प बसतो. पण एका रविवारी त्यांनी अंगणातल्या चेंबरचं झाकण पहारीनं उचललं. घरातलं पाणी जात नसेल तर सगळ्यात आधी हेच बघायचं असतं. चेंबर भरलेलं असेल तर अडथळा त्याच्या पुढं, रिकामं असेल तर चेंबर आणि घराच्या मध्ये. आमचं चेंबर मोकळं होतं आणि न्हाणीतलं पाणीही सरळ जात होतं, म्हणजे तुंबलेलं कुठं काहीच नव्हतं. हात धुऊन वडील वर आले. मी अभ्यासिकेत तुमच्यासमोर उभी आहे, जिल्ह्याची स्पर्धा जवळ आली आहे, आणि ते उंबऱ्याबाहेर थांबून म्हणतात, "सर, चेंबर मोकळं हाय. आमच्याकडनं काय अडलेलं न्हाय. जरा खाली येऊन बघता का?" तुम्ही चष्मा काढता. तुमचा आवाज मऊ होतो, आणि तो मऊ झाला की मला धडकी भरते. "अहो, तुमचा दोष नाही यात. सवय नसते एकेकाला. असल्या गोष्टी अंगवळणी पडायला दोन पिढ्या जाव्या लागतात." वडील मान हलवतात. व्हय सर, एवढंच म्हणतात आणि जिना उतरतात. तुम्ही चष्मा चढवून माझ्याकडं वळता. "हं. दुसरा परिच्छेद. समतेपासून."

सवय. मी पुष्कळ वाचलं आहे सर, माणसाला खाली ठेवणारे शब्द गोळा करणं हाच माझा अभ्यास राहिला, पण एवढा गुळगुळीत शब्द मला दुसरा सापडला नाही. त्यात शिवी नाही, जातीचं नाव नाही, उलट थोडी माया आहे. त्याविरुद्ध तक्रार करायला कुठं जायचं? आणि तो खोटा होता हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. सवय नव्हती तर पहिल्या वर्षी आम्ही कुठं राहत होतो?

मार्चात आम्ही घर सोडलं. तुम्ही सोडायला सांगितलं नाहीत, हे तुमचे चाहते आजही सांगतात. बरोबर आहे. तुम्ही फक्त वडिलांना अधूनमधून विचारायचात, एसटीच्या क्वार्टरचं काही होतंय का. क्वार्टर मिळालं नाही. आम्ही गावाच्या कडेला एका चाळीत गेलो. तिथं पत्र्याचे संडास सगळ्यांत मिळून होते. पहिल्या दिवशी सामान उतरवून आई पायरीवर बसली, नाक वर करून तिनं हुंगलं आणि म्हणाली, "हितं बी वास हाय. पर समद्यांचा हाय." आणि ती हसली. तुमच्या घरात आल्यापासून आम्ही तिचं हसू ऐकलं नव्हतं.

आता कारण सांगते. आज मी एका सोसायटीची सचिव आहे आणि लोकांच्या भाषणांपेक्षा त्यांचे नळ जास्त ऐकते. भिंतीवर ओल जिथं दिसते तिथंच पाइप फुटलेला असतो असं नाही, पाणी स्लॅबमधून लांबवर वाट काढत येतं. आवळूनही नळ गळत असेल तर आणखी जोर लावायचा नाही, आतला वायसर बदलायचा. आणि वास येत असेल तर बाटल्या ओतण्याआधी हवा बघायची. न्हाणीच्या जाळीखाली एक वाटीसारखा भाग असतो, दुकानात त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. त्यात कायम थोडं पाणी उभं असतं आणि तेवढंच पाणी खालचा वास अडवून धरतं. गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुटगुट करत अडखळत येतं, दुसरं पाडलं की सरळ धार लागते, कारण तेल जाताना मागून हवा आत यावी लागते. गच्चीवरचा तो टोपीवाला पाइप म्हणजे घराचं दुसरं भोक होतं. ते तुम्ही बुजवलंत. मग वरून पाणी पडलं की पुढची कोंडलेली हवा आमच्या जाळीतून वर उसळायची, आणि मागं हवा कमी पडली की तेच पाणी आमच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून न्यायचं. वाटी रिकामी व्हायची आणि सेप्टिक टँकचा वास आमच्या घरात. आईची घूस ती हीच.

हे सगळं माझ्या पोटातच राहिलं असतं, पण परवा तुमच्या मुलानं मला बोलावलं. येत्या रविवारी अभ्यासिकेत तुमच्या स्मृतीचं व्याख्यान आहे आणि ते मी द्यावं अशी त्याची इच्छा आहे. मी गेले तर आमच्या त्या दारात एक बाई उभी होती. सरकारी दवाखान्यात नर्स, सास्तूरची, मुलगी यंदा दहावीला. वासापायी तिला महिनाअखेर घर रिकामं करायला सांगितलं आहे. मुलीची परीक्षा तोंडावर आहे आणि दुसरी खोली मिळत नाही, का मिळत नाही ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती म्हणाली, "मॅडम, मी वॉर्डात दिवस काढते. माणसाचा वास मला कळतो. ह्यो माणसाचा न्हाय, ह्यो पायपाचा हाय. पर वरच्यांना सांगणार कोण, त्यांचं नाक लई उंचावर हाय." मी मागच्या बोळात जाऊन वर पाहिलं. शेजारच्या प्रत्येक घराचा पाइप छताच्या वर निघालेला, तुमचा अभ्यासिकेच्या तळाशी जाऊन संपलेला. मग तुमच्या मुलाला खाली बोलावलं, नर्सबाईंच्या न्हाणीत जाळी काढून मगभर पाणी ओतलं आणि वरच्या मजल्यावर फ्लश ओढायला सांगितला. त्याच्या डोळ्यांदेखत ते पाणी उसळलं, गुरगुरलं आणि खाली ओढलं गेलं. त्यानं नाकाला रुमाल लावला. मी त्याला सांगितलं, कोपऱ्यातली फरशी काढायची, सिमेंट फोडायचं, पाइप भिंतीतून बाहेर घेऊन छताच्या वर न्यायचा, फार मोठं काम नाही. तो म्हणाला, "ताई, बाबांच्या खोलीची फरशी? कार्यक्रमाच्या तोंडावर?" आणि मग, अगदी तुमच्या आवाजात, "बाई तशी चांगली आहे हो. पण सवय नसते ना एकेकाला." घर कुणाच्या नावावर राहील ते राहो, सर, तुमचा हा शब्द मात्र वारशानं उतरला आहे.

तुम्हाला माहीत होतं का, हा प्रश्न मी बरीच वर्षं चघळला आणि आता सोडून दिला. तुम्हाला माहीत नव्हतं. मराठीच्या शिक्षकाला पाइपातली हवा कळलीच पाहिजे असा माझा हट्ट नाही. माझा आरोप एवढाच आहे की एक माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहून येऊन बघता का असं म्हणाला, आणि तुम्ही उठला नाहीत. कारण तुमच्याकडं उत्तर आधीच तयार होतं, ते आम्ही राहायला यायच्याही आधीपासून तयार होतं. किल्ली देताना तुम्ही आडनाव विचारलं नाहीत, कारण दारोदार नकार घेऊन आलेल्या माणसाचं आडनाव तुम्हाला न विचारताच कळलं होतं. तुमच्या दातृत्वात आम्हाला जागा होती, तुमच्या चुकीत मात्र तुम्ही आम्हाला एकटं सोडलंत.

हे पत्र टाकायला पेटी नाही. आणि एक कबूल करते. एवढं फाडफाड लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं, तेव्हा लक्षात आलं की मी तुमच्याकडं परवानगी मागते आहे. मंत्र्यांना भर सभेत सुनावणाऱ्या या बाईला तुमच्या खोलीतल्या एका फरशीला हात लावायचा तर अजून तुम्हाला विचारावंसं वाटतं. तुम्ही काही बोलणार नाही. म्हणून रविवारी मी तुमच्या फोटोकडं पाठ करून उभी राहीन, आणि समोर बसलेल्यांसाठी व्याख्यान एवढंच असेल: उठा, सतरंजी गुंडाळा, आणि खालच्या बाईनं सामान बांधायच्या आत ही फरशी फोडा.