वेलीखालचे चेहरे

६ सफर, हिजरी ६६५, काशान

भिंतीच्या फरशा कमी पडल्या! दर्ग्याला चाळीस हव्यात, नुसती वेलबुट्टी. माणूस नको, प्राणी नको. कोठीत बारा सापडल्या, तीन वर्षांपूर्वी फसलेल्या भट्टीतल्या, पांढऱ्याफटक. त्यांच्यावरच वेली काढल्या. बाबा म्हणाले, "कर काय करायचं ते." त्या माझ्या धाकट्या भावानं, रुझबेहनं रंगवल्या होत्या, हा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

९ सफर

भट्टी पेटवली. सोनेरी चमक धरावी म्हणून आत धूर कोंडला. या खेपेला जागचा हललो नाही.

१२ सफर

भट्टी उघडली. ओल्या फडक्यानं, रंगात कालवलेली वरची जळकी माती पुसत होतो. सोनेरी चमक अशी, की शेजारचा मेहयार कुंभार म्हणाला, "अरे वा, फर्रुख! हात कुणाचा उसना आणलास?" हसलो.

मग रुझबेहची एक फरशी घेतली — वेलीतून दोन डोळे! डाग वाटला, घासलं. नाक आलं. गोल तोंड आलं. बाराच्या बारा! त्यानं काढलेले चेहरे, तेव्हा उमटले नव्हते ते आज उमटले.

म्हणजे त्याचं चांदीचं मिश्रण बरोबर होतं, झिलईत मुरून राहिलं होतं. आगच कमी पडली होती. आणि आग राखायचं काम माझ्याकडे होतं.

१३ सफर

लिहूनच टाकतो. त्या दिवशी भट्टी सोडून मी बागेत खरबूज खायला गेलो. आग मेली. बाबांसमोर बेधडक सांगितलं, "रुझबेहनं चांदी कमी घातली." तो म्हणाला, "दादा, असं काय बोलतोस?" एवढंच. बाबांनी त्याला घराबाहेर काढलं. यझदच्या वाटेवर तापानं गेला. तांडेवाल्यानं पगडी तेवढी आणून दिली. आई ती उशाशी घेऊन झोपते.

१४ सफर

फरशा भिंतीकडे तोंड करून ठेवल्या, तरी वाटतं बघतायत. फोडायला दोनदा हातोडी उचलली. नाही जमलं! बाबांना सांगितलं तर हाकलतील मला. हाकलू देत.

१५ सफर

सांगितलं, सगळं. बाबा फरशी पुसत राहिले.

"माहीत होतं. भट्टीतली राख मी त्याच दिवशी बघितली होती, अर्धी लाकडं तशीच होती."

"मग त्याला का काढलंत?"

"गिऱ्हाईक दारात ओरडत होतं, कुणावर तरी खापर फोडायचंच होतं. त्याला कुठंही काम मिळालं असतं रे. तुला कोण ठेवणार होतं?"