नळी क्रमांक सतरा रिकामी असल्याबाबत

प्रति,
मा. योजना अधिकारी,
उच्च शिक्षण पूर्वतयारी योजना, पुणे.

अर्जदार : कु. रंजना बहिरू मेंगाळ, बी.एस्सी., रा. जांभूळकड्याची ठाकरवाडी, ता. मावळ.

विषय : न तपासलेल्या रक्ताच्या अहवालावर अर्जदाराची सही मागितली जात असल्याबाबत.

संदर्भ : केंद्राचे सूचनापत्र, दि. २२ जानेवारी २०२६.

महोदय,

१. सोमवार, दि. १९ जानेवारी रोजी सकाळी सव्वासात वाजता मळवली येथील एका बंगल्यामागच्या कचऱ्याच्या खड्ड्यात जांभळ्या झाकणाच्या बेचाळीस नळ्या सापडल्या. एक्केचाळीस नळ्यांत सडलेले रक्त होते, एक कोरडी होती. बंगला लोणावळ्यातील जैववैद्यकीय पूर्वतयारी केंद्राच्या संचालकांचा आहे. तेथे झाडलोट करणारी बाई ही अर्जदाराची आई. तिला वाचता येत नाही. नळ्यांवर चिकटवलेला रेघांचा कागद मात्र तिने ओळखला. दोन नळ्या, एक भरलेली आणि ती कोरडी, ओटीत घालून ती घरी आली आणि म्हणाली, "रंजे, ह्यो तुज्या वहीचा कागूद न्हाई का गं?" कागद वहीचाच होता. केंद्राकडे लेबले नव्हती, म्हणून अर्जदाराने ती स्वतः कापली होती. त्याच दिवशी अर्जदाराने खड्ड्यावर जाऊन नळ्या मोजल्या व छायाचित्रे काढली.

२. वाड्यावस्त्यांवरील पदवीधरांना एम.एस्सी. व पुढील संशोधनासाठी तयार करणे, हे आपल्या योजनेतून या केंद्राकडे सोपविलेले काम आहे. अर्जदार तेथे सात महिने जात आहे. या काळात सूक्ष्मदर्शकावरचे कापड दोनदा निघाले; दोन्ही वेळा पाहुणे आले होते. विद्यार्थ्यांना दिलेले पांढरे कोट फोटो काढून झाल्यावर मोजून परत घेण्यात आले.

३. दि. ७ डिसेंबर रोजी केंद्राने अर्जदाराच्या वाडीवर रक्ततपासणी शिबिर घेतले. तो अर्जदाराचा प्रकल्प आहे असे सांगितले गेले. अर्जदाराने घरोघरी जाऊन, आठ दिवसांत प्रत्येकाच्या हाती निकाल देण्याचा शब्द दिला. नावांची लेबले आदल्या दिवशीच लावून ठेवली. सतराव्या नळीवर वडिलांचे, बहिरू यांचे, नाव होते. सुई पाहताच ते उठले. "माजं रगत माज्यापाशीच ऱ्हाऊ द्या, मला उद्याला डोंगूर चढायचाय," म्हणून निघून गेले. वाडी हसली. नळी तशीच राहिली.

४. दि. २२ रोजी केंद्राने छापील अहवाल अर्जदारापुढे ठेवला. त्यात सर्व बेचाळीस जणांचे आकडे असून वाडीत रक्तक्षय शून्य असल्याचे म्हटले आहे. बहिरू यांचे हिमोग्लोबिन १३.२, म्हणजे पुरेसे, दाखविले आहे. अर्जदाराने सही केल्याखेरीज प्रमाणपत्र मिळणार नाही, आणि प्रमाणपत्राखेरीज दि. ६ फेब्रुवारीच्या एम.एस्सी. मुलाखतीस बसता येणार नाही, असे त्याच दिवशीच्या सूचनापत्रात आहे. सतरावी नळी रिकामी असल्याचे सांगितल्यावर संचालक म्हणाले, "अगं, एवढंच ना? बाबांना सोमवारी पाठव, भरून घेऊ. मग आकडा खोटा कसा राहील?" उरलेल्या एक्केचाळीस नळ्यांचे विचारल्यावर त्यांनी, आईचे काम बरे चालले आहे ना, अशी चौकशी केली. आई दुसऱ्या दिवसापासून बंगल्यावर गेलेली नाही.

५. खड्ड्यातला वास अर्जदाराने सहन केला. अहवालाचा कागद गुळगुळीत आणि चांगला आहे. तो हातात धरवत नाही. शेजारच्या धोंडाबाई रोज पाणवठ्यावर विचारतात, "रंजे, आमच्या रगताचं काय केलंस गं? इकलंस का?" आणि बायका हसतात. अर्जदाराने अजून कोणास खरे सांगितलेले नाही.

६. सबब, सदर अहवाल रद्द करावा. वाडीची तपासणी सरकारी दवाखान्यामार्फत पुन्हा व्हावी. आणि अर्जदारास सात महिन्यांत प्रत्यक्ष जे शिकविले तेवढ्याचेच प्रमाणपत्र मुलाखतीपूर्वी द्यावे. त्यात 'वहीच्या कागदाची लेबले कापणे' एवढेच लिहावे लागले तरी हरकत नाही. खोट्या अहवालावर अर्जदार सही करणार नाही.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
(सही)
रंजना बहिरू मेंगाळ
दि. २७ जानेवारी २०२६

सोबत : अहवालाची प्रत, खड्ड्याची छायाचित्रे, नळी क्रमांक १७.

ता. क. : अर्ज लिहून झाल्यावर वडील परत आले. ते सकाळी कोणास न सांगता सरकारी दवाखान्यात जाऊन आले. तेथील चिठ्ठी सोबत जोडली आहे. त्यांचे हिमोग्लोबिन ८.१ आहे. उरलेल्या एक्केचाळीस जणांचे किती, हे आज कोणासही माहीत नाही.