कोणत्या पुंजारामची?

बारवेच्या पलीकडून
वैशाखातला कुठलातरी दिवस. (इथल्या सरकारी फसली गणतीत तेराशे पंचावन्न साल म्हणतात. आपल्या इसवीत ते कोणतं साल, ते मोबाईल चालू असता तर पाहिलं असतं.)

प्रिय नंदे,

सप्रेम जयभीम. मी इथे खुशाल आहे, तूही खुशाल असशील. पत्राची सुरुवात अशीच करतात असं बाईंनी शिकवलंय म्हणून लिहिलं. खरं किती धरायचं ते तू ठरव.

तुझी सॅक माझ्याच पाठीवर राहिली. तिच्यातली चित्रकलेची वही फाडून लिहिते आहे, रागावू नको. बारवेचं चित्र अर्धंच झालंय. भर दुपारी ऊन थेट पाण्यावर येतं तेव्हा खाली बसून काढू, असं तूच म्हणाली होतीस. पाणी पांढरं लखलखलं, तू पाय सोडलेस, मी तुझा हात धरला, आणि वर आलो तर गाव आपलंच, पण विजेचा एक खांब नाही, पाण्याची टाकी नाही, तुमच्या घरावर माडी नाही. 'दहा मिनिटं बघू आणि परत जाऊ' असं ठरलं होतं. तू गेलीस. मी राहिले. ते कसं झालं ते तुला माहीतच आहे, म्हणून लिहीत नाही.

इतिहासाच्या बाईंना सांग, निजाम अजून आहे. सतरा सप्टेंबरची सुट्टी इथे कोणाला ठाऊक नाही. हे राज्य जाणार आहे असं मी एकीला सांगायला गेले, तर ती म्हणाली, "हळू बोल. येडी हायस का काय?"

ती म्हणजे मालन. नंदे, खाली बसून वाच. ती माझी पणजी आहे. तीच, जी आमच्या ओट्यावर बसून तुला 'पाटलाची पोर' म्हणते आणि नळ सोडून नुसती पाण्याकडे बघत राहते. इथे ती माझ्याएवढी आहे, नुकतीच लग्न होऊन आलेली, आणि भांडणात माझ्यापेक्षा पक्की. घरच्यांना तिने सांगितलंय की मी परतूरची पाहुणी. तिला मात्र मी सगळं खरं सांगितलं. मोटार, मोबाईल यांवर ती हसली. नळावर हसली नाही.

"कोणाचा नळ?"

"आमचाच. घरात."

"आन् पानी कोन वाढतं?"

"कोणी नाही. आपणच सोडायचं."

हे ती मला रोज पुन्हा पुन्हा सांगायला लावते.

पत्र वहीच्या प्लास्टिकच्या कव्हरात गुंडाळलंय. द्वारका ते उन्हात पाण्यात सोडणार आहे. द्वारका म्हणजे तुझी पणजी, तिलाही मी सगळं सांगितलंय. तुझं नाक तिचंच आहे, आता तक्रार करू नकोस.

जमलं तर ये. तशी घाई नाही.

तुझी,
पायल

•

बारवेच्या पलीकडून
बाजाराचा दिवस. सगळे मंठ्याला गेलेत.

प्रिय नंदे,

तुझी चिठ्ठी द्वारकेच्या घागरीत सापडली. पेन आणि गोळ्याही मिळाल्या. गोळी मालनने चोखली नाही, कागदासकट कनवटीला लावून ठेवली.

तू लिहितेस, 'तुझ्या आईला सांगितलं की पायल शहागडला मावशीकडे गेली.' मावशीचा फोन बिघडलाय हेही तुला आठवलं. हुशार आहेस. म्हणजे आई निवांत आहे आणि मला कोणीही शोधत नाही. ते वाचल्यावर मी चिठ्ठी घडी करून सॅकमध्ये ठेवली. मग रडले.

तू विचारतेस, 'दिवसभर करतेस काय?' बसते. आम्ही बारवेच्या बाहेर घागरी मांडून बसतो. उतरायचं नाही. कोणाला दया आली तर ती वर येऊन, हात उंच धरून, आमच्या घागरीत पाणी ओतते. नाही आली तर बसायचं. पाणी तिथून दिसतं, नंदे. त्याचा गारवा अंगाला लागतो. पण वाकून बघायचं नाही, आपली सावली पडते म्हणून. ज्या पायऱ्यांवर आपण सुट्टीभर उड्या मारल्या, त्यांतली पहिलीसुद्धा माझी नाही. घरी जायची माझी वाट त्या पाण्यातून आहे आणि त्या पाण्यापाशी मला जाता येत नाही.

आमची पणजी नेहमी म्हणायची, "बारवंकडं जाऊ नका गं." आपण म्हणायचो, म्हातारीला भुताची भीती वाटते.

बारवेच्या तोंडाशी कडूबा बसतो, काठी घेऊन. तो काही राक्षस नाही. परवा त्याने मला कैरी दिली. दिली म्हणजे लांबून टाकली.

द्वारका म्हणाली, "माझं लुगडं नेस. माझी बहीन म्हन, आन् चल." मी लगेच हो म्हटलं. नंतर मालनने सांगितलं की गेल्या साली तिचा दीर तहानेने दोन पायऱ्या उतरला होता. त्यानंतर वस्तीच्या एकाही घागरीत कोणी पाणी ओतलं नाही. बायका ओढ्याची वाळू उकरत बसायच्या. मी पाहुणी तिची. मी पकडले गेले, तर भोगायचं तिने. मी लुगडं परत दिलं.

एवढंच.

पायल

•

बारवेच्या पलीकडून

नंदे,

खुशाली लिहीत नाही.

ऊन सरकतंय. आता ते पाण्याच्या कडेला जेमतेम टेकतं, लवकरच पायरीवरच थांबेल. मग पुढचं कोणी सांगावं. मला इथे म्हातारं व्हायचं नाही. मला आई पाहिजे.

दोन पत्रांत जे टाळलं ते आता लिहिते. आपण परत उतरायला आलो तेव्हा कडूबा जेवून जागेवर येऊन बसला होता. त्याने विचारलं, "कोनाची गं?" तू म्हणालीस, "पुंजारामची." मीही म्हणाले, "पुंजारामची." खोटं कोणीच बोललं नाही. इथे पुंजाराम दोन, एक तुमचा पाटील आणि एक आमचा; गावात अजूनही आपल्या दोन्ही घरांना पुंजारामाचंच घर म्हणतात, आणि आपल्याला त्याची किती मजा वाटायची. मग त्याने मला विचारलं, "कोन्त्या पुंजारामची?" मी सांगून टाकलं, वस्तीतल्या. शाळेत सांगते तसं, मान वर करून. मला कुठे माहीत होतं की ह्या उत्तराने दार बंद होतं?

त्याने काठी आडवी धरली आणि तुला विचारलं, "ही तुह्यासंगं हाय का?"

तू माझ्याकडे पाहिलंस, आणि म्हणालीस, "न्हाई."

चिठ्ठीत तू लिहिलंस, 'मला वाटलं तू मागून येशील.' तुला तसं वाटलं नव्हतं. तू घाबरली होतीस. तेही मी समजू शकते, मीही घाबरले होते. पण तुझी सॅक माझ्या पाठीवर होती, नंदे.

आता काय करायचं ते सांगते. आधी आमच्या पणजीकडे जा आणि तिला खरं सांग. ती दचकणार नाही, तिला सगळं माहीत आहे. माझं काय होतं हेही माहीत असेल, पण ते विचारू नको. तू ऐकून मग यावंस असं मला नको आहे. तिचा हात धरून तिला बारवेत खालपर्यंत आण. ती नको म्हणेल. तिला सांग, पायलने मालनला शब्द दिलाय. मालनने माझ्याकडे दुसरं काही मागितलंच नाही. आणि इथून पुढे ती नळ सोडून उभी राहिली, तर पाणी वाया जातंय असं तिला कोणी म्हणायचं नाही. मी म्हणायचे.

मग ऊन पाण्यावर आलं की ये, आणि वर मला घ्यायला ये. कडूबा तुला पाटलाची पाहुणी समजतो. त्या घरच्या पोरीने हात धरून नेलं तर दोष वस्तीवर येणार नाही, असं द्वारका म्हणते. तिची खात्री नाही, माझीही नाही. कदाचित तो दोघींनाही अडवेल आणि तूही इथेच अडकशील. हे लपवून तुला बोलवायचं नव्हतं.

मी बाहेर, घागरींच्या रांगेत, मालनच्या शेजारी बसलेली असेन. तो पुन्हा तेच विचारेल. मी तुझ्याकडे बघणार नाही. तुझं उत्तर तू दे.

तुझ्यासंगं आलेली,
पायल