कॉम्प्युटरातला गणपती

बारामती
२२/४/९८

प्रिय दिपाली,

हे पत्र तुझ्या मैत्रिणीच्या, मनिषाच्याच हाती देतोय. पोस्टानं टाकलं असतं तर कऱ्हाटीत तुझ्याआधी तुझ्या तात्यांनीच फोडलं असतं. मनिषा म्हणाली, "पुन्हा कुणाची गचांडी धरायचा बेत न्हाय ना, शंभूराजे?" नाही म्हणालो. यावेळी राग नाहीय. भीती वाटतेय, आणि भीती वाटली की काय करायचं ते मला येत नाही. राग आला की निदान हात तरी चालतात.

मी बापूसाहेबांच्या दुकानात कामाला लागलोय, हे तुझ्या कानावर आलंच असेल. हो, त्याच. स्टँडसमोरचं, "कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवून मिळतील" अशी पाटी असलेलं. डिसेंबरात तुझे तात्या आणि माझी आई तिथंच एका बाकड्यावर बसले होते, प्रिंटर करकरत होता, आणि कागद हातात घेऊन बापूसाहेब म्हणाले होते, "रामहरीतात्या, गुण कमी असतं तर चालवून घेतलं असतं. पण दोघांची एकनाड हाय. लेकरू लाभत न्हाय." तुझ्या आईनं, द्वारकाकाकूंनी, तिथल्या तिथं पदर तोंडाला लावला. तू दाराशी उभी होतीस, मान खाली घालून. त्या दिवसातलं मला बाकी काही धड आठवत नाही, तुझी मान तेवढी आठवते.

पुढचं तुला ठाऊक आहे. कॉलेज सोडलं, वरकुट्याला जाऊन घरी सगळ्यांशी भांडलो, आणि संक्रांतीनंतर एकदा वीट घेऊन या दुकानात शिरलो. बापूसाहेब बशीतून चहा पीत होते. उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "फोडायचाय? फोड. पर आधी चालू कसा करत्यात ते तरी बघ. न कळणाऱ्या वस्तूवर हात उचलणारा माणूस उद्या बैलाला बी मारतो." मी बसलो, तो बसलोच. ती वीट आता दार उघडं राहावं म्हणून लावतो.

तर या कॉम्प्युटरात गणपती होता. हसू नकोस. गेल्या दसऱ्याला बापूसाहेबांनी हत्यारांबरोबर कॉम्प्युटरही पुजला, झेंडूचा हार घातला, आणि कुणीतरी पुण्याहून आणलेली फ्लॉपी त्यात घातली. तेव्हापासून बटण दाबलं की घंटा वाजायची, पडद्यावर गणपती यायचा आणि आरती सुरू व्हायची. आरती संपेपर्यंत कामाला हात लावायचा नाही, हा नियम. पण तेव्हापासूनच मशीन बिघडलं होतं. मधेच थिजायचं, एरर यायची, अर्धी पत्रिका छापून गप्प व्हायचं. बारापुढची जन्मतारीख टाकली की "चुकीची तारीख" म्हणून ओरडायचं. बापूसाहेबांनी त्यावर तोड काढली होती. "तारीख घेत न्हाय ना? मग आधी म्हैना घाल, मग तारीख. घेतो मुकाट." तसं केलं की खरंच घ्यायचा. मीही तसंच शिकलो.

हे सगळं त्या फ्लॉपीपासून सुरू झालंय, ते काढू, असं मी म्हणालो तर बापूसाहेबांनी कानाला हात लावले. "बसवलेला देव असा काढत्यात व्हय?" मग मीच म्हणालो की गणपती तर आपण दरवर्षी पाण्यात सोडतो, उत्तरपूजा करून. ते त्यांना पटलं. स्नान करून आले, दहीपोह्याचा नैवेद्य दाखवला, अक्षता टाकल्या आणि मूर्ती हलवतात तसा कॉम्प्युटरचा डबा जरासा हलवला. मी फाइल पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं तर घंटा वाजली. बापूसाहेब पांढरेफटक पडले. म्हणाले, "शंभू, सवयीनं मी पुनरागमनाय च म्हणून गेलो. त्यो आला."

मग पुण्याच्या एका कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, असल्या प्रोग्रॅमचा एकच तुकडा नसतो. एक पुसला की मशीन चालू होताना दुसरा त्याला परत बसवतो. विंडोजच्या पोटात एक यादी असते, त्यातूनही त्याचं नाव काढावं लागतं. पण एक ओळ इकडची तिकडं झाली तर मशीन पुन्हा उठायचं नाही. दिपाली, तालुक्यातल्या किती पोरीबाळींच्या पत्रिका त्यात आहेत. एक एक ओळ आधी वहीत उतरवून मगच काढत होतो, आणि बापूसाहेब मागं उभं राहून नुसतं "दमानं, दमानं" म्हणत होते. शेवटी बटण दाबलं. घंटा वाजली नाही. घंटेपेक्षा मला त्या शांततेचीच जास्त भीती वाटली.

त्याच शांततेत वहीतल्या ओळी पुन्हा वाचल्या, तेव्हा मला कळलं. तो प्रोग्रॅम रोज सकाळी मशीनची तारखेची पद्धत बदलायचा, आधी महिना, मग दिवस. बारापुढचा महिना नसतो म्हणून तसल्या तारखांना मशीन नाही म्हणायचं, आपण त्या उलट्या घालायचो आणि त्या बरोबर बसायच्या. पण बाराच्या आतली तारीख ते गुपचूप घ्यायचं आणि भलतीच वाचायचं. कागदावर आकडे तेच दिसायचे, मग संशय कुणाला येणार?

तुझी तारीख तेवीस. ती त्या दिवशी उलटी घातली होती, म्हणजे बरोबर बसली. माझी दोन मे, २/५, ती सरळच घातली गेली.

माझी आई दर वर्षी सांगते, "आखितीचा तू. तुझ्यापायी माझी कऱ्हाकेळीची बोळकी पुजायची राह्यली." डिसेंबरचा तो कागद मी चुरगळून पेटीत टाकला होता. काढून सरळ केला. माझ्या नावाखाली बारीक अक्षरात छापलंय, माघ शुद्ध पंचमी. आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, वैशाखात असते, माघात नाही. सगळ्यांनी एकनाड तेवढी वाचली, ती ओळ कुणी वाचलीच नाही. तुझ्याशी ज्याची नाड जुळवली तो मी नव्हतोच. पाच फेब्रुवारीला जन्मलेला कुणीतरी होता.

बापूसाहेबांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत खचले. म्हणाले, "दसऱ्यापास्नं किती लग्नं लावली रं आपण? आणि किती मोडली?" मग हात धरून म्हणाले, "कुठं बोलू नगंस. लोक दुकान न्हाय, मला जाळत्याल." त्यांचीही भीती खरी आहे. देव गेलेल्या मशीनपुढं ते अजून उदबत्ती लावतात.

तरी मी तुला लिहितोय, कारण काल तात्यांचा दुकानात फोन आला. मीच उचलला, पण त्यांनी आवाज ओळखला नाही. येत्या रविवारी ते तुझी आणि सुप्याच्या रणजितची पत्रिका घेऊन येणार आहेत. तारखा मलाच घालाव्या लागतील. माझा स्वभाव तुला माहीत आहे, मला माझ्याच हाताची भीती वाटते. पण तुला शब्द देतो, त्याची तारीख मी बरोबरच घालीन. आणखी एक सांगतो. आज दुपारी दुकानात कुणी नसताना मी तुझी आणि माझी तारीख नीट घातली. "जुळवा" असं बटण असतं, त्यावर बाण नेला, आणि दाबलं नाही. वाटलं, आजवर माझ्यापाशी निदान मशीनचा नकार होता. तो खोटा निघाला. आता उरलीय ती त्या दिवशीची तुझी खाली घातलेली मान, आणि ती दुःखानं होती की सुटल्यासारखं वाटून, हे मी कधी विचारलंच नाही. सगळ्यांवर ओरडलो, तुला सोडून. रविवारच्या आधी ते तेवढं सांग, मनिषापाशी एक शब्द दिलास तरी पुरे. दुःखानं होती असेल तर तात्यांसमोर येऊन मी सगळं सांगीन, मग बापूसाहेब मला दुकानातून हाकलून का देईनात. सुटल्यासारखं वाटलं असेल तर रविवारी मान वर करून दुकानात ये. मी चांगला कागद छापून देईन.

तुझाच, म्हणजे तू म्हणशील तर,
शंभूराज